तीन नंबरचा माग आणि पाच दाढीवाले

बेळगावातल्या आमच्या वडगावच्या घरात माणसांपेक्षा मागांना जास्त जागा होती. पुढची लांबलचक खोली चार पॉवरलूमची, आणि मागं जी उरेल ती आमची. उरायचीही फार नाही. आई चुलीपाशी, वडील म्हणजे आप्पा आणि थोरला भाऊ अण्णा मागांच्या मधल्या बोळात, आणि मी धान्याच्या पत्र्याच्या डब्याला टेकून. सूत मालकाचं, नक्षी मालकाची, साडीही मालकाचीच. आमचे फक्त हात आणि विजेचं बिल. आईनं जन्मभर कांड्या भरल्या, म्हणजे मागात इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळलं. पण आमच्या मागावर निघालेली साडी तिच्या अंगावर मी कधी बघितली नाही. सुताची पांढरी लव भातावर बसायची, बल्बवर बसायची, आप्पांच्या भुवयांवर बसायची. दिवसभर आप्पा म्हातारे दिसायचे आणि संध्याकाळी आंघोळ केली की परत तरणे व्हायचे.

आणि आवाज. चार माग एकदम सुरू झाले की फळीवरची भांडी आपोआप पुढं सरकायची. आई स्वयंपाक करता करता कोपरानं ती मागं लोटायची. आमच्यात हळू बोलणं कुणाला येतच नव्हतं. "मीठ दे" हे आम्ही असं म्हणायचो की परक्या माणसाला वाटावं, घरात वाटणीचं भांडण लागलंय. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी शेजारच्या मुलीला फक्त "इथं बसू का?" एवढंच विचारलं, तर ती घाबरून उठली आणि आख्खा बाक मला देऊन गेली. तीन वर्षं मला ऐसपैस जागा मिळाली.

हे सगळं आठवायला कारण मार्च. मी आता पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, अकौंटन्सी शिकवते, आणि परीक्षा आल्या की सुपरव्हिजन करते. परवा हॉलमध्ये एक मुलगी बाकाखाली पाय आपटत होती. टप्-टप्, टप, टप्-टप्. डोळे कौलांकडे, ओठ मिटलेले, आणि पाय चालू. माझ्याबरोबरचे सर तिच्याकडे निघाले, तर मी त्यांना हातानं थांबवलं. म्हटलं, "राहू द्या सर, तिचं उत्तर यायला लागलंय." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की पुढच्या पेपरला त्यांनी दुसरा हॉल मागून घेतला.

घरी आले तर घरात दुसरी परीक्षा. माझी मुलगी ईशा यंदा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला आहे, आणि तिला शांतता लागते. साधी नव्हे, औषधासारखी शुद्ध. मिक्सर बंद. कुकरच्या शिट्टीला मनाई, म्हणून आम्ही महिनाभर उसळ खाल्ली नाही. काल म्हणाली, "मम्मी, पंख्याचा आवाज येतोय." मी म्हटलं, "बाई, मी चार मागांच्या मध्ये बसून बी.कॉम. झाले." ती म्हणाली, "तू ते सांगितलंयस." सांगितलंय, आणि आणखी सांगणार. घरातली पहिली पदवीधर असलं की माणसाला ते पुन्हा पुन्हा सांगायचा अधिकार असतो.

तर, माग. बाहेरच्याला चारही माग सारखेच वाटतील. आम्हाला ते चार पाहुणे असल्यासारखे वेगळे ओळखू यायचे. एक नंबरचा सरळ, शाळामास्तरासारखा. दोन नंबरचा जरा लंगडत चालायचा. चार नंबरचा जुना, दर ठोक्याला कण्हायचा. आणि तीन नंबरचा म्हणजे अंगात आलेला. धडधड धडधड, मध्येच एक ठोका गिळायचा, आणि मग दोन एकदम द्यायचा. त्यांच्या मध्ये पुस्तक घेऊन बसून मी दहावी केली, बारावी केली. नकळत असं झालं होतं की इंग्लिश एक नंबरपाशी, कंपनी लॉ चार नंबरपाशी, आणि कॉस्टिंग हा माझा वैरी विषय तीन नंबरपाशी. त्या धडधडीत आकडे आपापल्या रकान्यात जाऊन बसायचे. मला वाटायचं, सगळं जग असंच अभ्यास करतं.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी, होळी झाली आणि गल्लीतल्या मागवाल्यांनी बंद पुकारला. मालक लोक मजुरी वाढवत नव्हते, तर वाढवीपर्यंत एकानंही माग चालवायचा नाही, असं ठरलं. आमच्या गल्लीत बंदाचे पुढारी होते बसाप्पा काका. पांढरा नेहरू शर्ट, मोठे कान. ते दुपारी गल्लीतून हिंडायचे आणि ज्याच्यावर संशय त्याच्या भिंतीला कान लावायचे. चोरून माग चालवणाऱ्याच्या घरी गल्लीतलं कुणी पाणी प्यायला जाणार नाही, अशी त्यांची ताकीद होती. आप्पा म्हणाले, "आपल्याकडनं चूक व्हायची न्हाय. गल्लीसंगं ऱ्हायाचं." आणि त्यांनी चारी मागांवर जुन्या चादरी टाकल्या. घरात चार मोठी माणसं पांघरूण घेऊन झोपल्यासारखी दिसायला लागली.

आणि मग ती शांतता आली.

अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पहिल्यांदाच कळलं की आमच्या घड्याळाला आवाज आहे. आईच्या बांगड्यांना आहे. शेजारच्या घरात सून सासूला पुटपुटत काय म्हणते, तेही कळलं. म्हणजे ती आपल्या मतानं पुटपुटत होती; इतकी वर्षं मागांच्या आवाजात ते खपून जायचं. त्या आठवड्यात गल्लीत जेवढी भांडणं झाली तेवढी आधी कधी झाली नव्हती. पाळण्यातली पोरं झोपेनात. जन्मल्यापासून धडधडीत झोपलेली ती. आता टाचणी पडली तरी दचकून उठायची आणि साऱ्या गल्लीला उठवायची. आप्पा जेवता जेवता हात थांबवून कान टवकारायचे, आणि ऐकण्यासारखं काही नाही हे आठवलं की पुढचा घास घ्यायचे.

मी पुस्तक उघडलं तर अक्षरं नुसती बघत बसली. कॉस्टिंगचं गणित वाचायचं, पान उलटायचं, आणि मागं काय होतं ते गेलेलं. कॉलेजच्या पूर्वपरीक्षेत मी सरळ नापास झाले. कॉस्टिंगच्या सरांनी बोलावून घेतलं. सर चांगले होते. आमच्या घरात कुणी शिकलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"काय झालं तुला? घरी काही अडचण आहे का?"

मी म्हटलं, "हो सर. घरात फार शांतता आहे."

सरांनी माझी उत्तरपत्रिका घडी करून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "जा, घरी जाऊन झोप जरा."

घरी हे सांगितलं तेव्हा अण्णा चिडला. आमच्या घराला दोघांचं शिक्षण झेपणारं नव्हतं. दहावीनंतर अण्णानं माग धरला आणि मी पुस्तक. तो त्याबद्दल कधी रडला नाही, पण विसरूही दिलं नाही. "म्या धोटं मारायचं आन् तू नापास व्हायचं? ही डिग्री निम्मी माझी हाय, सुमे. माझ्या वाट्याचं तरी पास हो!"

मग घरच्यांनी उपाय सुरू केले. अण्णा पत्र्याच्या डब्यावर काठीनं ठोके द्यायला बसला. पण मनात काही आलं की त्याचा हात हळू व्हायचा, आणि माझं गणित खड्ड्यात जायचं. आई म्हणाली, मी चटणी कुटते. तिनं इतकी चटणी कुटली की तीन घरांना वाटून उरली. आप्पांनी माग आणि मोटर जोडणारा पट्टा काढून नुसती मोटर चालवून बघितली, तर ती घूंऽऽ करून राहिली. त्यात ठोका नाही. आणि भिंतीबाहेर बसाप्पा काकांचा खोकला ऐकू आला. ताबडतोब बंद केली.

अशात निपाणीचा मामा आला. मामाचं मांडव आणि स्पीकर भाड्यानं द्यायचं काम. अंगाला सदाचा तंबाखूच्या वखारीचा वास, कारण त्याची खोली वखारीला लागून. तो आला की आधी वास यायचा, मग हाक, मग मामा.

"आक्का, घर असं सुतकात असल्यागत का गं?"

आईनं सगळं सांगितलं. मामानं ऐकून घेतलं, चहा प्याला, बशी उपडी ठेवली आणि म्हणाला, "आवाजच पायजे न्हवं? आवाज माझा धंदा हाय." पुढच्या फेरीला तो एसटीच्या टपावरून एक रेकॉर्ड-प्लेअर, मांडवातला एक मोठा स्पीकर आणि तबकड्यांनी भरलेली एक लाकडी पेटी घेऊन उतरला.

त्या पेटीची कथा अशी. काही वर्षांपूर्वी मामा बेळगावच्या कॅम्पात कसल्याशा कार्यक्रमाला स्पीकर लावायला गेला होता. तिथले एक म्हातारे लष्करी साहेब बंगला सोडून मुलाकडे चालले होते. साहेबांनी पेटी दाखवून विचारलं, घेऊन जातोस का? मामानं पेटी उचलून बघितली. जड लागली, म्हणजे माल चांगला, असं समजून घेतली. आत सगळे इंग्रजी आल्बम. साठ-सत्तरच्या दशकातलं रॉक अँड रोल. मामानं निपाणीत एका लग्नात पंगतीला त्यातली एक तबकडी लावली. नवरीचा बाप हातात वरणाचा डाव घेऊन पळत आला, "ओ स्पीकरवाले! मशीन बंद करा, आत कायतरी जळाय लागलंय!" तेव्हापासून पेटी माळ्यावर.

आम्ही कव्हरं बघितली. माझं इंग्रजी तेव्हा पुस्तकातलं, आणि ही अक्षरं वेलीसारखी वळलेली, वितळलेली. कुणाचं नाव काय ते लागेना. म्हणून आम्हीच नावं ठेवली. एकावर पाच दाढीवाले पडक्या भिंतीपुढं उभे होते, ते 'दाढीवाले'. एकावर जांभळ्या आभाळाखाली एक रिकामी खुर्ची, ती 'खुर्ची'. एक सडपातळ गडी आपल्याकडं पाठ करून आरशासमोर, तो 'पाठमोरा'. एका कव्हरावर साहेबांच्या पेल्याचा तपकिरी गोल डाग होता. आम्हाला तो चित्राचाच भाग वाटला, आणि आईला तेच चित्र सगळ्यात आवडलं.

मामानं सुई ठेवली. आधी ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखी खरखर. मग गिटार. आणि मग तो ढोल सुरू झाला. धडधड धडधड, एक ठोका गिळला, दोन एकदम दिले.

आप्पा भिंतीला टेकून बसले होते, ते ताठ झाले. आई कांड्यांची टोपली घेऊन आपोआप उठली आणि मग काम नाही हे आठवून परत बसली. अण्णा म्हणाला, "आयला! तीन नंबर!"

पाच दाढीवाले म्हणजे हुबेहूब आमचा तीन नंबरचा माग. मी कॉस्टिंगचं पुस्तक उघडलं. आकडे उठले आणि आपापल्या रकान्यात जाऊन बसले.

मग आम्ही पेटीतल्या सगळ्या तबकड्या मागांप्रमाणे लावल्या. 'खुर्ची' संथ, तिच्यात मागं कुणीतरी बाजाच्या पेटीसारखं काही लांबवर वाजवायचं आणि कण्हायचं; ती चार नंबर, कंपनी लॉ. 'पाठमोरा' सरळमार्गी, एक नंबर, इंग्लिश. लंगडणारा दोन नंबर मात्र काही केल्या सापडेना. शेवटी एक तबकडी चुलीजवळ राहून धगीनं वाकली, आणि ती बरोबर लंगडायला लागली. ऑडिटिंगची सोय झाली.

आप्पांना गाण्याच्या अर्थाची काळजी. "काय म्हणतोय गं त्यो?"

मी अर्धं समजून, अर्धं लावून सांगायची. "बाई सोडून गेली म्हणतोय, आप्पा."

"आन् ह्यो?"

"ह्याची पण गेली."

आई कांद्याची पात निवडत म्हणाली, "एवढ्यासाठी एवढं बोंबलायचं? आमच्यात बाई रुसून गेली तर गडी दोन दिस शिळं खातो आन् गुमान जाऊन घिऊन येतो." पण एका तबकडीची आख्खी एक बाजू नुसती वाद्यांची होती; कुणी गायचंच नाही. ती आप्पांना फार पसंत. "ह्येच्यात बोलणं न्हाय," ते म्हणायचे, "काम हाय."

एक अडचण होती. दाढीवाल्यांच्या दुसऱ्या गाण्यात, ढोल रंगात आला की गिटारवाला एकदम अशी किंचाळी काढायचा, आणि वर झांज खळ्ळकन. आता, मागवाल्यांच्या घरात असा आवाज एकाच गोष्टीचा: धोटा उडाला. पळत्या मागातून धोटा निसटला की तो गोळीसारखा येतो. कुणाच्या डोक्यात, कुणाच्या डोळ्यात. म्हणून आमच्यात लहान पोरांनासुद्धा चालायच्या आधी वाकायला शिकवतात. तर त्या जागी तबकडी आली की आमचं आख्खं घर खाली वाकायचं. आप्पा, आई, अण्णा, मी, सगळे. ठाऊक असायचं की ही गिटार आहे. माग चादरीखाली झोपलेत हेही दिसायचं. तरी मान आपली आपण खाली. कॅम्पातले ते साहेब खुर्चीत बसून, पेला हातात धरून हे गाणं ऐकत असतील. आम्ही ते जमिनीवर पालथं पडून ऐकलं.

एका दुपारी ऊन असं तापलं होतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा गटारीत बसलेली. दाढीवाले लागले होते, मी ओव्हरहेडचं गणित करत होते, आप्पा डुलकी घेत होते. तेवढ्यात दार धाडधाड वाजलं.

"परसू! दार उघड! माग चालवतोस व्हय रं?"

दारात बसाप्पा काका, मागं गल्लीतले आणखी चार-पाच बापे. काकांचा कान भिंतीला घासून पांढरा झालेला. आप्पा धडपडत उठले. त्यांचं तोंड एकदम उतरलं. गल्लीशी बेइमानी केली, असं कुणी म्हणावं, हे आप्पांना उपासापेक्षा जड होतं. "न्हाय हो काका, आईच्यान!"

"कान हाईत मला. तीन नंबर चालू हाय तुझा. तुझा तीन नंबर म्या झोपंत वळखतो."

ते सरळ आत आले. चादर ओढली. तीन नंबरचा माग गप्प. काकांनी त्याच्या लोखंडावर हात ठेवला; थंडगार. आणि धडधड चालूच. त्यांनी एक नंबर बघितला, दोन बघितला, चार बघितला. खाली वाकून बघितलं. मग कन्नडमध्ये आपल्याशीच म्हणाले, "येनप्पा इदु," हे काय बाबा, आणि धान्याच्या डब्याचं झाकण उघडून त्यातही बघितलं.

मी पेटीकडे बोट दाखवलं. "काका, हे वाजतंय. परीक्षा आहे माझी. माग बंद असले की माझा अभ्यास होत नाही."

काका तबकडीवर वाकले. ती फिरत होती, ते तिच्याबरोबर मान फिरवत होते. कव्हर उचलून दाढीवाल्यांकडे बघितलं.

"कोण ही?"

"इंग्रज हाईत, काका," अण्णा म्हणाला.

"ह्यांस्नी बंद ठावं न्हाय?"

आणि नेमकी तेव्हाच ती जागा आली. किंचाळी, झांज, खळ्ळकन. क्षणात आमचं घर खाली. आणि आमच्याबरोबर बंदाचे पुढारी बसाप्पा काका आणि ती सगळी पंचमंडळी, तीन नंबरच्या मागाखाली एकमेकांच्या अंगावर. काकांची टोपी आईच्या पिठाच्या परातीत. कुणीतरी खालूनच ओरडलं, "कुनाला लागला? कुनाला लागला?"

गाणं पुढं गेलं. कुणालाच लागला नव्हता. आधी आई हसली, पदर तोंडाला लावून. मग आप्पा. मग मागाखालून पाच-सहा माणसं अशी हसली की तबकडीची सुई उडून दुसऱ्याच गाण्यावर पडली.

काकांनी टोपीचं पीठ झटकलं, बैठक मारली, आणि निवाडा द्यायला घसा साफ केला. कारण प्रश्न तर होताच: हे माग चालवणं धरायचं की नाही? एकजण म्हणाला, आवाज तर मागाचाच येतो, बाहेर लोक काय समजतील? दुसरा म्हणाला, पण सूत कुठाय? काकांनी 'बंद करा' म्हटलं असतं तर आप्पांनी बंद केलं असतं, आणि माझ्या डिग्रीचा तिथंच शेवट होता.

काका म्हणाले, "कापड निघतंय काय?"

"न्हाय."

"मग काम न्हाय. बंद कापडाला हाय, आवाजाला न्हाय." मग उठता उठता माझ्याकडे वळले. "आन् पोरी, जरा मोठ्यानं लाव. आमचा नातू बंदापासनं धड झोपला न्हाय."

त्या दिवसापासून स्पीकरचं तोंड गल्लीकडे झालं. पाठीला दप्तरं लावून मागवाल्यांची शाळकरी पोरं आमच्या कट्ट्यावर अभ्यासाला यायला लागली. दुपारी दाढीवाले लागले की दोन्ही बाजूंच्या घरांतले पाळणे गप्प. एकदा मालकांचा मुनीम स्कूटरवरून गल्लीतून गेला, थांबला, कान दिला. बसाप्पा काकांनी त्याला बघून मुद्दाम आमचं दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "काय न्हाय, काय न्हाय. तुम्ही व्हा पुढं." मुनिमानं जाऊन सांगितलं म्हणे, की वडगाववाल्यांना दुसरीकडून सूत मिळालंय, माग धडाक्यात चालू आहेत. पुढच्याच आठवड्यात मालकांनी बोलणीला बोलावलं आणि मजुरी वाढली. दाढीवाल्यांमुळं वाढली, असं मी म्हणत नाही. बोलणी करणारी माणसं गल्लीची होती आणि पोटाला चिमटा घेऊन बसलेली होती. पण बसाप्पा काका मरेपर्यंत तसंच सांगायचे, आणि दर वेळी दाढीवाले एकानं वाढायचे.

सूत आलं, आणि माझ्यापुढं नवाच पेच. दुसऱ्या दिवशी कॉस्टिंगचा पेपर. इतके दिवस ओव्हरहेड, प्रोसेस, सगळं मी दाढीवाल्यांवर बसवलेलं; ठोका तीन नंबरचाच, पण आता आकडे गिटारीच्या वळणांनी यायचे. ताण्याच्या सुताचे बीम मागांवर चढले, गल्लीत सगळीकडे माग सुरू झाले. आमचे चार सुरू झाले असते तर स्पीकर त्यात बुडाला असता. घरात इतक्या दिवसांनी काम आलेलं. आई कांड्यांची टोपली मांडीवर घेऊन तयार बसलेली. मी पुस्तक मिटून डब्याला टेकून बसले.

आप्पांनी स्विचवर हात ठेवला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मिटलेल्या पुस्तकाकडे बघितलं. आणि हात काढला.

अण्णा म्हणाला, "आप्पा, गल्लीत आपलाच बंद दिसंल."

"दिसू दे. इतकं दिस बंद गल्लीसाठी ठिवला. आजचा दिस पोरीसाठी." मग त्याच आवाजात, "लाव ती तुझी दाढीवाली."

अण्णानंच लावली. दिवसभर तोच पेटीपाशी बसून बाजू उलटत होता. त्या जागी आलं की आम्ही चौघं वाकायचो आणि परत कामाला लागायचो.

पेपरच्या हॉलमध्ये मात्र तीच शांतता. वर पंखा, बाहेर कावळा. पहिलं गणित वाचलं आणि डोक्यात पांढरी लव. मग मी डोळे मिटले, आणि पायानं सुरुवात केली. धडधड धडधड, एक गिळला, दोन दिले. सुपरवायझर बाई येऊन म्हणाल्या, "पाय थांबव, मुलांना त्रास होतो." मी पाय थांबवला आणि चपलेच्या आत अंगठा चालू ठेवला. आकडे उठायला लागले. सगळं सुरळीत होतं. फक्त दुसऱ्या प्रश्नात मध्येच ती जागा आली, आणि मी बाकाखाली वाकले. बाई धावत आल्या, त्यांना वाटलं कॉपी. त्यांनी बाकाखाली बघितलं, माझे हात बघितले, चपला उलट्या करून बघितल्या. माझ्याजवळ कागदाचा कपटा नव्हता. त्यांना खरं कारण सांगून काही उपयोग नव्हता, म्हणून मी म्हटलं, "मॅडम, चक्कर आली." त्यांनी बिचाऱ्यांनी पाणी दिलं.

आज ईशानं आमच्या माळ्यावरची मामाची ती पेटी आणि प्लेअर खाली काढला. कानातले बोळे काढून कव्हरं बघत बसली आणि ओरडलीच, पहिल्यांदा आमच्या घराण्याच्या आवाजात. "मम्मी! हे ओरिजिनल आल्बम आहेत! तुला माहितेय का हे कोण आहेत?" मग मोबाइलवर शोधून तिनं मला सगळं सांगितलं: हे जगात किती मोठे होते, कोण कुणाशी भांडून वेगळं झालं, मैदानं कशी भरायची. मी ऐकून घेतलं. म्हटलं, असतील. आमच्याकडे ते तीन नंबरचा माग होते. तिनं दाढीवाल्यांची तबकडी लावली आणि गुणगुणत गणित सोडवायला बसली. पंख्याचं नाव काढलं नाही. मी स्वयंपाकघरात होते. ती जागा आली, आणि मी हातात उलथनं घेऊन ओट्याखाली वाकले. सवय.

माझा निकाल लागला त्या दिवशी आप्पांनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला, आणि चारी माग चालू ठेवून. म्हणजे मला ओरडावं लागलं आणि गल्लीला आपोआप कळलं. पदवीचा कागद त्यांनी फ्रेम करून तीन नंबरच्या वर लावला. माग सुरू झाला की तो अजून भिंतीवर थरथरतो. अण्णा दर आठवड्याला सरळ करतो, आणि मी माहेरी गेले की निम्मा आपला म्हणून दाखवतो. मी भांडत नाही.

त्या वर्षी मी बी.कॉम. झाले. सेकंड क्लास. वडगावच्या परशराम मागवाल्याच्या घरातली पहिली.